एसएमडी रेझिस्टर: आधी वाचा, मग मोजा, काढायचा की नाही ते शेवटी ठरवा

इन्व्हर्टरचं कार्ड उघडा, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) पंख्याचं उघडा की साध्या एलईडी बल्बचं, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर आता मोजकेच दिसतात. बाकी सगळीकडे तांदळाच्या कणीएवढे काळे तुकडे, त्यावर नीट न दिसणारे आकडे. हेच एसएमडी, म्हणजे लांब पाय नसलेले, थेट बोर्डच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेले रेझिस्टर. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक करून इंदूरच्या एखाद्या दुकानात नुकतेच हाताखाली लागलेले आणि घरी बसून दुरुस्ती शिकणारे, या दोघांसाठी हे लिहितो आहे. सोल्डरिंग जमतं, मल्टिमीटर वापरता येतो, एवढं धरून चालतो.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो. बोर्डवर बसलेला रेझिस्टर छापील किमतीपेक्षा कमी दाखवत असेल, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. जास्त दाखवत असेल, तर तो बहुधा गेलेला आहे. कारण सोपं आहे. त्याच्या दोन टोकांना बोर्डवरचे आणखी रस्ते समांतर जोडलेले असतात आणि समांतर जोडणीत एकूण रेझिस्टन्स कमीच होतो, वाढत कधीच नाही. नवी मुलं नेमकं उलटं करतात. कमी आकडा दिसला की "शॉर्ट आहे" म्हणून चांगला तुकडा उपटतात आणि थोडा जास्त दाखवणाऱ्याला "जवळपास बरोबर आहे" म्हणून सोडून देतात.

लागणारं सामान

- डिजिटल मल्टिमीटर, ०.१ ओहमपर्यंत दाखवणारा. रिलेटिव्हचं बटण असेल तर उत्तम.
- सुईच्या टोकाचे प्रोब. मीटरबरोबर येणारे जाड प्रोब या कामाला निरुपयोगी.
- घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं १० पट भिंग. मोबाइलचा कॅमेराही चालतो, पण उजेड तिरका टाका.
- बारीक टोकाचा चिमटा, फ्लक्स, डिसोल्डरिंग विक, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश.
- हॉट एअर स्टेशन. नसेल तर दोन सोल्डरिंग आयर्न.
- कपॅसिटर रिकामा करायला १० किलोओहम, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेशनच्या वायरी जोडून.
- सिरीज बोर्ड (बल्बमधून वीज देऊन करंट आवरणारा), फिलामेंटच्या बल्बसकट. एलईडी बल्ब इथे चालत नाही.

इंदूरच्या महाराणी रोडवर एका फेरीत यातलं बहुतेक मिळून जातं. मीटरवर पैसे कमी पडत असतील तर पडू द्या, पण प्रोब आणि भिंग यांत काटकसर करू नका. या कामातल्या निम्म्या चुका नीट न दिसल्यामुळे आणि टोक नीट न टेकल्यामुळे होतात.

१. वीज पूर्ण काढा, मग मोजून खात्री करा

प्लग काढला म्हणजे बोर्ड मेला असं नसतं. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बसतं आणि ते बराच वेळ तसंच राहू शकतं. इन्व्हर्टर असेल तर बॅटरीही सोडवा. बऱ्याचशा एलईडी बल्बांत ट्रान्सफॉर्मरचं विलगीकरण नसतं. म्हणजे बल्ब चालू असताना एलईडीची प्लेटही थेट लाइनवर असते, तिला हात लावायचा नाही.

१० किलोओहमचा रेझिस्टर कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद धरा. स्क्रू ड्रायव्हरने टोकं भिडवून ठिणगी काढायची पद्धत दुकानांत दिसते. त्यात कपॅसिटरही मार खातो आणि ट्रॅकही उडतो, तेव्हा ती शिकू नका. मग मीटर डीसी व्होल्टवर लावून बघा, शून्याच्या अगदी जवळ यायला हवं. हे जिवासाठी तर आहेच, मापासाठीही आहे. ओहम मोजताना मीटर स्वतःचा छोटा करंट सोडतो आणि व्होल्टेज बघून किंमत काढतो. बाहेरून अर्धा व्होल्ट जरी मिसळला तरी येणारा आकडा खोटा.

२. हा रेझिस्टरच आहे ना?

रेझिस्टरची वरची बाजू काळी, खालून आणि कडेनं पांढरं सिरॅमिक, दोन्ही टोकं चंदेरी. आतली रचना अशी: ॲल्युमिनाच्या पांढऱ्या पट्टीवर रुथेनियम ऑक्साइडच्या पेस्टचा थर, लेझरने कापून किमतीवर आणलेला, वर काचेचं आणि रेझिनचं आवरण. शेजारी बोर्डवर आर आणि क्रमांक छापलेला असतो.

तपकिरी किंवा राखाडी, वर काहीही न छापलेला तुकडा बहुतेक कपॅसिटर, त्याच्या शेजारी सी दिसेल. सगळ्या बाजूंनी एकसारखा गडद, एल किंवा एफबी लिहिलेला, तो इंडक्टर किंवा फेराइट बीड. मीटरवर तो जवळजवळ शून्य दाखवतो आणि तेच त्याचं चांगलं असणं आहे. नुसता एफ असेल तर फ्यूज. आठ टोकांची काळी पट्टी, आरएन किंवा आरपी लिहिलेली, म्हणजे एकाच अंगात चार रेझिस्टर. तिथे समोरासमोरची टोकं जोडीनं मोजायची.

काळ्या तुकड्यावर नुसतं ० किंवा ००० असेल तर ती जोडणी आहे. एकाच बाजूला तांबं असलेल्या स्वस्त बोर्डवर एका ट्रॅकला दुसऱ्यावरून उडी मारायला असे तुकडे ढिगाने वापरतात.

३. आकडे वाचा

तीन आकडे: पहिले दोन जसेच्या तसे, तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं. १०३ म्हणजे १० पुढे तीन शून्यं, १० किलोओहम. ४७२ म्हणजे ४.७ किलोओहम. हे सहसा ५ टक्केवाले, म्हणजे खरी किंमत छापापेक्षा तेवढी कमी-जास्त असू शकते.

चार आकडे: पहिले तीन जसेच्या तसे, चौथा शून्यांसाठी. १००२ म्हणजेही १० किलोओहमच. ४७०१ म्हणजे ४.७ किलोओहम. हे सहसा १ टक्कावाले.

आर हे अक्षर दशांश चिन्हाच्या जागी येतं. ४आर७ म्हणजे ४.७ ओहम, आर१०० म्हणजे ०.१ ओहम, आर००५ म्हणजे ५ मिलीओहम. करंट मोजणाऱ्या शंटवर काही कंपन्या मिलीओहमसाठी एम छापतात, तो मेगा समजू नका. जाड ट्रॅकवर बसलेल्या मोठ्या रेझिस्टरला मेगाओहम असण्याचं कारणच नाही.

इथले ठरलेले खड्डे असे. १०० हा शंभर ओहम नाही, तो १० ओहम आहे. शंभर ओहम म्हणजे १०१. तसाच २२० म्हणजे २२ ओहम. या एका घोटाळ्यामुळे मॉसफेटच्या (स्विचसारख्या चालणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) गेटवर दहापट मोठा रेझिस्टर बसतो, मॉसफेट संथपणे चालू-बंद होतो आणि तापून मरतो. मग दोष मॉसफेटच्या "डुप्लिकेट मालावर" ढकलला जातो.

दुसरा खड्डा उलटं वाचण्याचा. ६८१ उलटा धरला की १८९ दिसतो, म्हणजे १८ गिगाओहम, जे अशा बोर्डवर संभवत नाही. म्हणून वाचलेली किंमत नेहमी प्रमाणित मालिकेत बसते का ते बघा. ५ टक्क्यांच्या मालिकेत पहिले दोन आकडे फक्त हेच असतात: १०, ११, १२, १३, १५, १६, १८, २०, २२, २४, २७, ३०, ३३, ३६, ३९, ४३, ४७, ५१, ५६, ६२, ६८, ७५, ८२, ९१. तीन आकड्यांच्या कोडवर १९ किंवा ८६ वाचलात, तर पुन्हा भिंग लावा.

तिसरा प्रकार थोडा वाकडा आहे: दोन आकडे आणि एक अक्षर, उदाहरणार्थ ०१सी किंवा ६८सी. ही ईआयए-९६ पद्धत, छोट्या १ टक्कावाल्या तुकड्यांवर. इथे दोन आकडे म्हणजे किंमत नव्हे, ९६ किमतींच्या यादीतला क्रमांक. ०१ म्हणजे १००, ३० म्हणजे २००, ५१ म्हणजे ३३२, ६६ म्हणजे ४७५, ६८ म्हणजे ४९९. अक्षर गुणक सांगतं: ए म्हणजे १, बी १०, सी १००, डी १,०००, ई १०,०००, एफ १ लाख, खाली उतरताना एक्स म्हणजे ०.१, वाय ०.०१, झेड ०.००१. तेव्हा ०१सी म्हणजे १० किलोओहम आणि ६८सी म्हणजे ४९.९ किलोओहम. यादी पाठ करत बसू नका. क्रमांकातून १ वजा करा, ९६ ने भागा, १० चा तेवढा घात काढा आणि १०० ने गुणा. पूर्णांकात केलं की किंमत आली. मोबाइलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर लगेच निघते. एक पेच मात्र उरतो. काही कंपन्या याच पद्धतीत वायऐवजी आर छापतात, त्यामुळे २२आर दिसला तर २२ ओहम की १.६५ ओहम हे छापावरून ठरत नाही. मोजावंच लागतं.

आणि ०४०२ आकाराच्या तुकड्यांवर बहुधा काहीच छापलेलं नसतं. तिथे थेट पाचव्या पायरीवर जा.

४. आकार मोजा

आकाराचं नाव इंचावर चालतं. नेहमी लागणारे एवढेच:

- ०४०२: १.० × ०.५ मिमी, साधारण १/१६ वॉट
- ०६०३: १.६ × ०.८ मिमी, १/१० वॉट
- ०८०५: २.० × १.२५ मिमी, १/८ वॉट
- १२०६: ३.२ × १.६ मिमी, १/४ वॉट
- २५१२: ६.३ × ३.२ मिमी, १ वॉट

ऑनलाइन मागवताना जपा: मिलिमीटर पद्धतीतही ०६०३ नावाचा आकार आहे आणि तो फक्त ०.६ × ०.३ मिमी असतो. पाकीट उघडल्यावर धूळ आली असं वाटतं.

वॉटइतकीच व्होल्टेजची मर्यादाही महत्त्वाची, आणि तिच्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. सर्वसाधारण ०८०५ ला १५० व्होल्ट, १२०६ ला २०० व्होल्ट. म्हणूनच ३२५ व्होल्टच्या लाइनवरून आयसीला सुरुवातीचं व्होल्टेज देणारे रेझिस्टर दोन-तीन तुकड्यांच्या ओळीत दिसतात. त्यातला एक गेला की "एकाच तुकड्यात बेरीज बसवून टाकू" हा शहाणपणा करू नका. ओहम जुळतील, पण तो तुकडा पूर्ण व्होल्टेज एकटा झेलेल आणि महिन्या-दोन महिन्यांत पंखा परत काउंटरवर येईल.

५. बोर्डवर असतानाच मोजा

आधी दोन्ही प्रोब एकमेकांना भिडवा. जो ०.२ ते ०.५ ओहम दिसतो तो वायरींचा; रिलेटिव्ह दाबून शून्य करा किंवा नंतर वजा करा. मग टोकांवरचा फ्लक्स अल्कोहोलने पुसा. बोर्डवर पारदर्शक वार्निश असेल तर सुईने टोचून खाली धातूपर्यंत जा, नाहीतर मीटर ओएल (मापाबाहेर, म्हणजे जोडणीच नाही) दाखवेल आणि चांगला तुकडा बदनाम होईल.

पहिलं माप रेझिस्टरच्या चंदेरी टोकांवर घ्या. दुसरं माप त्याच्या पॅडपासून निघणाऱ्या ट्रॅकवर, जरा लांब. टोकांवर बरोबर आणि ट्रॅकवर ओएल आला, तर रेझिस्टर ठीक आहे, सोल्डरला तडा आहे. तुम्ही प्रोब दाबता तेव्हा तो तडा मिटतो, म्हणून नुसत्या टोकांवरच्या मापावर भरवसा नको. गाडी, मोटर असा हादरा खाणाऱ्या बोर्डवर हे वारंवार दिसतं.

आता प्रोबची अदलाबदल करा. दोन्ही बाजूंनी आकडा तोच आला तर समांतर रस्त्यात फक्त रेझिस्टर असावेत. वेगळा आला तर मध्ये डायोड, ट्रान्झिस्टर किंवा आयसीचा पाय आहे. दोन्हींतला मोठा आकडा खऱ्या किमतीच्या जास्त जवळ. आकडा हळूहळू चढत असेल तर कपॅसिटर भरतो आहे, थांबा.

समजा १०३ लिहिलेला तुकडा ३.२ किलोओहम दाखवतो आहे. त्याला समांतर काय असावं? १० × ३.२ ÷ (१० − ३.२) = ४.७ किलोओहम. आता बोर्डवर नजर फिरवा. त्याच दोन ट्रॅकवर कुठे ४७२ बसलेला दिसला तर हिशोब जुळला, दोघेही ठीक, काही काढायची गरज नाही. हे एवढं गणित करणारा आणि न करणारा यांच्या दिवसाच्या कामात फार फरक पडतो.

आणि १०३ जर १४ किलोओहम दाखवत असेल? व्होल्टेज शिल्लक नाही, टोकं स्वच्छ आहेत, प्रोब नीट टेकलाय, एवढं तपासूनही तोच आकडा येत असेल तर तो गेला. हे तुकडे शॉर्ट क्वचितच होतात. थर जळतो, तडकतो, किंवा टोकाखालच्या चांदीला गंधकाची हवा लागून तिचं सल्फाइड होतं, आणि किंमत वर सरकते किंवा पूर्ण उघडी पडते. रबराचे कारखाने, गटाराजवळची पॅनल, अति चार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीशेजारचं कार्ड, इथे बाहेरून निष्कलंक दिसणारा रेझिस्टरही आतून तुटलेला असू शकतो.

दोन बारीक सूचना. मोठ्या किमती, १०० किलोओहमच्या वर, मोजताना दोन्ही टोकांना बोटं लावू नका, तुमचं अंगही समांतर जोडलं जातं. आणि रेझिस्टर बझरवर तपासू नका: बऱ्याच मीटरांचा बझर काही दहा ओहमपर्यंत वाजतो, त्यामुळे चांगला १० ओहमचा तुकडाही शॉर्ट वाटतो.

६. शंका उरली तरच काढा

जुन्या लांब पायांच्या रेझिस्टरचं एक टोक उचलून मोजता यायचं. इथे तो प्रयत्न केला तर टोकाचा धातू निघतो किंवा पॅड उखडतो, म्हणून पूर्णच काढा. दोन्ही टोकांवर फ्लक्स आणि थोडं साधं शिशाचं सोल्डर घाला. ६३/३७ सोल्डर १८३ अंशाला वितळतं, कारखान्यातलं बिनशिशाचं २१७ अंशाच्या आसपास. दोन्ही मिसळले की काम सोपं होतं. मग दोन आयर्न दोन टोकांना, किंवा हॉट एअर ३५० अंशांच्या आसपास ठेवून, तुकडा स्वतः हलला की चिमट्याने उचला. ओढू नका.

तुकडा मोजलात की रिकाम्या पॅडवरही मीटर लावा आणि तो आकडा लिहून ठेवा. नवा तुकडा बसवल्यावर किती दिसायला हवं, ते यावरूनच काढायचं आहे.

७. एक ओहमच्या खालचे

आर१०० किंवा आर००५ साध्या मीटरने मोजणं म्हणजे वायरींचा रेझिस्टन्स मोजणं. बेंच सप्लाय घ्या, करंटची मर्यादा १ अँपिअरवर ठेवा, व्होल्टेज अगदी कमी, आणि करंट शंटमधून सोडा. मग वेगळ्या प्रोबने, शंटच्या अंगाला लागूनच, मिलीव्होल्ट मोजा. १ अँपिअरला ५ मिलीव्होल्ट आले तर ५ मिलीओहम. करंटच्या वायरी आणि मोजायचे प्रोब एकाच जागी टेकवले तर सगळी मेहनत वाया.

८. जळून कोळसा झालेला

आकडे गेले असतील तर अंदाजाने बसवू नका. आधी त्याचं जुळं भावंड शोधा. बीएलडीसी पंख्याच्या बोर्डवर तीन फेज असतात, एका फेजचा गेट रेझिस्टर जळाला तर उरलेल्या दोन्हींत तोच बसलेला सापडतो. ते नसेल तर आयसीचा नंबर वाचून त्याच्या डेटाशीटमधलं नमुना सर्किट बघा, किंवा तशाच चालू बोर्डवरून मोजा.

एलईडी बल्बात करंट ठरवणारे रेझिस्टर अनेकदा दोन समांतर असतात. दोन ४आर७ मिळून २.३५ ओहम; त्यातला एक उघडा पडला की ४.७ ओहम उरतात, करंट निम्मा होतो आणि बल्ब मंद पण चालू राहतो. गिऱ्हाईक म्हणतं व्होल्टेज कमी येतंय.

रेझिस्टर आपणहून क्वचितच जळतो. नवा बसवण्याआधी मॉसफेट, डायोड, कपॅसिटर शॉर्ट आहे का ते बघा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

९. आणा, बसवा, चालू करा

दुकानात आकार, किंमत, टक्के या क्रमाने सांगा: "भिया, बारह सौ छह में दस के देना, वन परसेंट." नुसतं "एसएमडी दस के" म्हटलं तर हाताला लागेल तो आकार पुडीत पडतो. नियमित काम असेल तर ०६०३, ०८०५ आणि १२०६ ची सॅम्पल बुक घेऊन टाका, प्रत्येक पानावर एक किंमत असते. सुटे तुकडे पुडीतून काढलेत की मोजल्याशिवाय परत भरू नका, आणि उन्हाळ्यात हे काम कूलरसमोर बसून तर मुळीच करू नका.

एका पॅडवर थोडं सोल्डर, तुकडा चिमट्याने धरून ते टोक चिकटवा, मग दुसरं. थंड झाल्यावर पुन्हा मोजा. रिकाम्या पॅडचा आकडा आणि नवा रेझिस्टर समांतर धरून जेवढे ओहम निघतात तेवढेच दिसायला हवेत. मग सिरीज बोर्डवर जोडा. फिलामेंटचा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरला, पुढची व्होल्टेज तपासायला लागा. तो पूर्ण तेजाने जळतच राहिला तर लगेच बंद करा: शॉर्ट अजून आत आहे, आणि तो रेझिस्टरमध्ये नाही.